गुऱ्हाळावर भाजलेल्या जुन्या व्रणावर जखम झाली आहे. बायोप्सीचा रिपोर्ट ठाम काही सांगत नाही. पुन्हा तुकडा काढावा का?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

माझे वडील शेतकरी आहेत, त्यांचे वय 66 आहे. तरुणपणी गुऱ्हाळावर चुलवाणावरून काहील उतरवताना उकळता पाक सांडला आणि त्यांच्या डाव्या पायाची नडगी गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत भाजली. त्या काळी कातडी लावण्याची शस्त्रक्रिया झाली नाही. मलमपट्टीवरच अनेक महिन्यांनी जखम भरली आणि तिथे पांढुरकी, ताणलेली, चकचकीत कातडी राहिली. ती अधूनमधून उकलायची, खपली धरायची आणि पुन्हा बरी व्हायची, त्यामुळे घरात कोणी तिच्याकडे विशेष लक्ष दिले नाही. गेल्या उन्हाळ्यात पडलेली चीर मात्र भरलीच नाही. आज तिथे सुमारे 4 सेंटिमीटरची जखम आहे. तिच्या कडा जाड, वर आलेल्या आणि बाहेरच्या बाजूला वळलेल्या आहेत, तिला दुर्गंधी येते आणि ड्रेसिंग सोडताना हमखास रक्त येते.

जवळच्या एका दवाखान्यात जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्टमध्ये लिहिले आहे : ‘स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लासिया, वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा कॅनॉट बी रूल्ड आउट, डीपर बायोप्सी अॅडव्हाइज्ड.’ म्हणजे स्क्वॅमस पेशींचा कर्करोग नाहीच असे म्हणता येत नाही, आणखी खोलवरचा तुकडा तपासावा. सोबतच्या फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे. त्यावर वय, लिंग आणि ‘पायाची जखम’ एवढीच नोंद आहे.

आता हा कर्करोग आहे की नाही, हे या रिपोर्टवरून कसे समजावे? आणि एकदा तुकडा काढून उत्तर मिळाले नसेल, तर दुसऱ्यांदा काढून मिळेल याची खात्री काय? माझ्या चुलत्यांचे ठाम मत आहे की अशा जखमेला सुरी लागली की रोग अंगभर पसरतो. वडीलही तेच धरून बसले आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

सूक्ष्मदर्शी (उत्तर)

मी पॅथॉलॉजिस्ट (ऊतके तपासून निदान करणारा डॉक्टर) आहे आणि कोल्हापुरातच काम करतो. प्रत्यक्ष स्लाइड न पाहता निदान सांगणे योग्य ठरणार नाही. पण हा रिपोर्ट असा का आला असावा आणि पुढे काय व्हायला हवे, हे नक्की सांगता येईल.

कोणतीही जखम दीर्घकाळ उघडी राहिली की तिच्या कडेची बाह्यत्वचा जखम झाकण्याच्या प्रयत्नात वाढू लागते आणि तिच्या जिभांसारख्या शाखा खाली अंतस्त्वचेत उतरतात. आपल्या रिपोर्टमधील पहिले लांबलचक नाव याच वाढीचे आहे आणि ती कर्करोग नव्हे. अडचण अशी की, स्क्वॅमस म्हणजे बाह्यत्वचेतील चपट्या पेशींचा जो कर्करोग अगदी संथ आणि नीटस वाढतो (वेल डिफरन्शिएटेड), त्याचा वरचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ असाच दिसतो. दोहोंतील फरक तळाशी असतो. त्या शाखा किती खोल गेल्या आहेत, त्यांचे टोक रेखीव आहे की पेशी तुटक पुंजक्यांनी आजूबाजूच्या ऊतकात शिरल्या आहेत, केंद्रकांचा आकार आणि रंग बिघडला आहे का, पेशी विकृत रीतीने विभाजित होत आहेत का, एखाद्या मज्जातंतूभोवती त्या गुंडाळल्या गेल्या आहेत का, हे सारे खालच्या भागात पाहावे लागते. काढलेला तुकडा वरवरचा असेल, तर तळच स्लाइडवर येत नाही. जो भाग तुकड्यात नाही, त्याविषयी कोणताही पॅथॉलॉजिस्ट मत देऊ शकत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. तुकडा मेणात उभा न बसता तिरका बसला, तर बाह्यत्वचेच्या त्याच निरुपद्रवी शाखा आडव्या कापल्या जातात आणि अंतस्त्वचेत सुटी बेटे असल्यासारख्या दिसतात. ते दृश्य कर्करोगाच्या शिरकावाशी इतके मिळतेजुळते असते की लहान, तिरक्या तुकड्यावरून ‘कर्करोग’ असे लिहून मोकळे होणेही धोक्याचे असते. चुकीच्या होकारामुळे रुग्णाच्या पायावर अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया होऊ शकते, तर चुकीच्या नकारामुळे महत्त्वाचे महिने वाया जातात. म्हणून ज्यांनी हा रिपोर्ट लिहिला, त्यांनी जबाबदारीने लिहिला असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील शेवटचे वाक्य, म्हणजे खोल बायोप्सीचा सल्ला, हेच त्या रिपोर्टचे खरे उत्तर आहे आणि ते टाळू नये.

आता फॉर्मविषयी. भाजल्याचा उल्लेख त्यावर नसणे ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. भाजल्याच्या जुन्या व्रणावर, हाडाच्या जुनाट संसर्गातून वाहणाऱ्या नाडीव्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर कर्करोग उद्भवू शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फ्रेंच शल्यविशारद झाँ-निकोला मार्जोलँ यांनी 1828 मध्ये जुन्या व्रणांवरील अशा जखमांचे वर्णन केले आणि आजही त्यांना ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. भाजल्यापासून कर्करोग होईपर्यंतचा काळ सरासरी सुमारे 30 वर्षांचा असतो, काहींमध्ये त्याहूनही अधिक. आपल्या वडिलांची हकीकत, जखमेच्या बाहेर वळलेल्या कडा, दुर्गंधी आणि सहज येणारे रक्त ही सर्व लक्षणे त्याच दिशेने बोट दाखवतात. ‘पायाची जखम’ एवढे वाचून स्लाइड पाहणारा पॅथॉलॉजिस्ट मधुमेह, शिरांचे विकार, संसर्ग अशा अनेक शक्यता समोर ठेवून पाहतो. ‘चाळीसेक वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या व्रणावरील न भरणारी जखम’ असे वाचले की तोच पॅथॉलॉजिस्ट ब्लॉकमधून, म्हणजे तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून, आणखी खोलवरचे काप मागवतो. त्वचेच्या बायोप्सीत निम्मे निदान रुग्णाच्या हकिकतीत असते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

दुसरा तुकडा जखमेच्या मधोमध घेऊ नये. तिथे बहुधा मृत ऊतक आणि पू याशिवाय हाती काही लागत नाही. जिथे कड सर्वांत जाड आणि कठीण लागते, तिथून पाचरीच्या आकाराचा तुकडा घ्यावा. त्यात बाहेरची थोडी सलग त्वचा, कड आणि जखमेचा तळ हे तिन्ही असावेत आणि तो खाली चरबीपर्यंत पोहोचलेला असावा. जखम 4 सेंटिमीटरची असल्यामुळे एकाच जागेवर विसंबू नये, किमान दोन-तीन ठिकाणांहून तुकडे घेऊन प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवावा आणि बाटलीवर जागा लिहावी. जुनाट व्रणात एका कडेला नुसती प्रतिक्रियात्मक वाढ आणि दुसऱ्या कडेला कर्करोग, असे चित्र दुर्मीळ नाही.

कर्करोगाखेरीज दोन शक्यता मी इथे आवर्जून नोंदवतो, कारण आपले वडील शेतात काम करणारे आहेत. काटा किंवा काडी टोचून त्वचेत शिरणारी खोल बुरशी आणि त्वचेचा क्षयरोग, हे दोन्ही विकार बाह्यत्वचेची अगदी अशीच वाढ घडवतात. क्रोमोब्लास्टोमायकोसिस या बुरशीच्या आजारात गोल, जाड भिंतीच्या, तांबूस-तपकिरी पेशी विशेष रंग न वापरताही दिसतात, त्यामुळे नजर तयार असेल तर निदान नेहमीच्या स्लाइडवरच होते. क्षयरोगाचे जंतू मात्र त्वचेत फार थोडे असतात आणि स्लाइडवर ते न दिसणे म्हणजे क्षयरोग नसणे, असे मानता येत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी तुकड्याचा एक भाग कल्चरसाठी, म्हणजे जंतू आणि बुरशी वाढवून पाहण्यासाठीही, पाठवावा.

चुलत्यांच्या भीतीविषयी आदराने सांगतो. निदानासाठी तुकडा काढल्यामुळे त्वचेचा कर्करोग शरीरभर पसरतो, याला आधार नाही. ही समजूत रूढ होण्याचे कारण समजण्यासारखे आहे : पुष्कळ रुग्ण रोग बराच पुढे गेल्यावर येतात, तेव्हा बायोप्सी होते, पुढील तपासण्यांत गाठी आढळतात आणि नातेवाइकांच्या मनात बायोप्सी व प्रसार यांची सांगड बसते. प्रसार आधीच झालेला असतो. शिवाय कर्करोग निघालाच, तर शस्त्रक्रियेत बायोप्सीची जागा जखमेसह काढून टाकली जाते. वडिलांशी बोलताना हा मुद्दा शांतपणे मांडावा, घाई दाखवू नये. मात्र निर्णय फार लांबवूही नये, कारण जुन्या व्रणावरील हा कर्करोग उन्हामुळे होणाऱ्या नेहमीच्या स्क्वॅमस कर्करोगापेक्षा जांघेतील ग्रंथींकडे लवकर जाण्याची शक्यता अधिक असते.

लॅबमधला (उत्तर)

वरील उत्तराला तंत्रज्ञ म्हणून थोडी जोड देतो. तुकडा काढल्यापासून स्लाइड होईपर्यंत त्याचे काय होते, हे नातेवाइकांना माहीत असले तर काही चुका तिथल्या तिथे टळतात.

तुकडा 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये ठेवायचा असतो आणि द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहा पट असावे लागते. बाटली रुंद तोंडाची असावी. अरुंद तोंडाच्या इंजेक्शनच्या बाटलीत कोंबलेला तुकडा फॉर्मालिनने घट्ट झाल्यावर बाहेर काढताना चुरगळतो आणि चुरगळलेल्या पेशी वाचता येत नाहीत. नाव आणि जागा बाटलीच्या अंगावर लिहिलेली हवी. झाकणावर लिहिले तर झाकणे बदलली की ओळखच बदलते. तुकडा घेतल्या-घेतल्या बाटलीत जायला हवा, कारण कापसावर किंवा गॉजवर ठेवून दिलेला तुकडा वाळतो आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी तो सुधारत नाही.

आमच्याकडे आल्यावर तुकड्याचे माप आणि वर्णन लिहून घेतात, गरजेनुसार त्याचे उभे काप करतात. नंतर चढत्या प्रमाणातील अल्कोहोलमधून त्यातील पाणी काढतात, झायलिनमधून नेतात, वितळलेल्या पॅराफिनमध्ये मुरवतात आणि त्याचा ब्लॉक तयार करतात. मायक्रोटोमवर 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप निघतात. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवतात. केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो. तुकडा ब्लॉकमध्ये उभा बसवणे हे हाताचे काम आहे. पिवळसर चरबी एका अंगाला आणि करडी त्वचा दुसऱ्या अंगाला, असा तो चिमट्याने धरून मेण घट्ट होईपर्यंत स्थिर ठेवावा लागतो. पंचने, म्हणजे गोल पात्याच्या हत्याराने, काढलेला 3 मिलिमीटरचा तुकडा असेल तर तो हमखास कलंडायला बघतो.

पंचगंगाकाठ यांना एक सुचवतो. पहिल्या तुकड्याचा ब्लॉक त्या लॅबमध्ये असणार. त्यात अजून ऊतक शिल्लक असेल तर खोलवरचे काप घेऊन नव्या स्लाइड करता येतात. त्यासाठी वडिलांना पुन्हा काहीही सोसावे लागणार नाही. तरीही मूळ तुकडाच उथळ असेल, तर त्यातून फार काही निघणार नाही, हे लक्षात ठेवूनच विनंती करावी.

शाहूपुरीकर (उत्तर)

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, पण दोन बाटल्यांचा मुद्दा इथे उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माझ्या आईच्या तोंडात आधी फोड आले, मग पाठीवर आणि छातीवर. सुरुवातीला तिला उष्णतेची औषधे दिली गेली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी एक तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा घेऊन फॉर्मालिनमध्ये ठेवला आणि दुसरा फोडाशेजारच्या वरवर चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा घेऊन वेगळ्या द्रावणात ठेवला. चांगल्या कातडीला कशाला हात लावायचा, असे आम्हाला वाटले होते. डॉक्टरांनी समजावले की चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडे शोधणाऱ्या इम्युनोफ्लोरेसन्स या तपासणीसाठी तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवल्यास तो वाया जातो आणि प्रत्यक्ष फोडाच्या जागी पेशी उद्ध्वस्त झाल्यामुळे प्रतिपिंडे नीट दिसत नाहीत. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन्ही फोड येणारे आजार आहेत. पेम्फिगस असेल तर प्रतिपिंडे पेशींच्या मध्ये जाळीसारखी चमकतात, पेम्फिगॉइड असेल तर बाह्यत्वचेच्या तळाशी एकसलग रेघेत. आईला पेम्फिगस निघाला आणि उपचारांची दिशा त्या दुसऱ्या तुकड्यामुळे पक्की झाली. त्यामुळे तुकडा काढण्याआधी ‘किती बाटल्या लागतील आणि कोणत्या द्रावणाच्या’ हा प्रश्न नातेवाइकांनी जरूर विचारावा. डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत.

पंचगंगाकाठ

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. सूक्ष्मदर्शी यांचे उत्तर मी वडिलांना आणि चुलत्यांना समोर बसवून वाचून दाखवले. चुलते अजून पूर्ण राजी नाहीत, पण वडील तयार झाले आहेत. आणखी तीन शंका आहेत. वडिलांना मधुमेह आहे आणि ते रोज अॅस्पिरिनची गोळी घेतात. ती बंद करावी का? त्यांच्या डाव्या जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ हाताला लागते. याचा अर्थ रोग पसरला असा घ्यावा का? आणि स्लाइड मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये नेऊन दाखवावी का?

त्वचारोग-कोल्हापूर (उत्तर)

अॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. हृदयासाठी किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी ती चालू असेल, तर गोळी थांबवण्यातील धोका बायोप्सीच्या जागी होणाऱ्या थोड्या रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. तो रक्तस्राव दाब देऊन किंवा टाके घालून थांबवता येतो. तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांना मात्र सर्व औषधांची यादी आधीच दाखवावी. साखर आटोक्यात असावी, कारण गुडघ्याखालील जखमा मुळातच सावकाश भरतात आणि व्रणाच्या कातडीला रक्तपुरवठा कमी असतो. टाके घातलेच तर ते चेहऱ्यावरच्या टाक्यांपेक्षा जास्त दिवस, साधारण 10 ते 14 दिवस, ठेवावे लागतात. जागा बधिर करूनच तुकडा काढला जातो. सुई टोचताना आणि औषध आत जाताना जळजळ होते, त्यानंतर ओढल्याची जाणीव होते, पण दुखत नाही. वडिलांना हे आधी सांगितले तर त्यांची भीती कमी होईल.

जांघेतील गाठीवरून आताच निष्कर्ष काढू नका. पायावर जुनाट, संसर्ग झालेली जखम असली की जांघेतील ग्रंथी सुजतात, आणि पायावर जखम नसतानाही आपल्याकडे त्या अनेकांच्या हाताला लागतात. पण कर्करोगाची शंका असताना ती गाठ तशीच सोडताही येत नाही. सोनोग्राफी आणि सुईने पेशी घेऊन केलेली एफएनएसी तपासणी, या दोन गोष्टींनी पुष्कळ उलगडा होतो. सोबत नडगीच्या हाडाचा एक्स-रे काढावा. नडगीवर कातडी आणि हाड यांच्यामध्ये फारसे मांस नसते, त्यामुळे रोग हाडापर्यंत गेला आहे का हे आधीच पाहणे आवश्यक आहे. शंका राहिल्यास एमआरआय करतात.

हे सर्व कोल्हापुरात होऊ शकते. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असल्यामुळे तिथे त्वचारोग, शल्यचिकित्सा आणि विकृतिशास्त्र हे विभाग एकत्र विचार करू शकतात. मुंबईला जायचेच असेल, तर नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका. रंगवलेल्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, दोन्ही सोबत न्या. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक यांची फेरतपासणी होते आणि ब्लॉक असेल तर रुग्णाचा पुन्हा तुकडा न काढता पुढील विशेष रंग किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशी ओळखण्याची तपासणी) करता येते. कर्करोग निश्चित झाल्यास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेसाठी अर्ज करता येईल. त्यासाठी बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो, म्हणून त्याची मूळ प्रत जपून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुसऱ्या बायोप्सीतही कर्करोग आढळला नाही आणि जखम मात्र वाढतच राहिली, तर तिसरी बायोप्सी करायला मागेपुढे पाहू नये. डोळ्यांना दिसणारी जखम आणि कागदावरचा रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल, तर मी स्वतः स्लाइड घेऊन पॅथॉलॉजिस्टसमोर बसतो; आमच्या कामात याला पर्याय नाही. मायकोसिस फंगॉइड्स या त्वचेतील लसीका पेशींच्या कर्करोगात तर सुरुवातीच्या बायोप्सी साध्या इसबासारख्या दिसणे नेहमीचे आहे, आणि रुग्ण स्टेरॉइडचे मलम लावत असेल तर उरलीसुरली खूणही पुसट होते. अशा रुग्णांना मी दोन ते चार आठवडे मलम बंद ठेवून पुन्हा तुकडा घेतो.

पंचगंगाकाठ

दुसरी बायोप्सी झाली. तीन कडांचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत आणि एक भाग कल्चरसाठी, अशी सर्व व्यवस्था डॉक्टरांनी केली. फॉर्मवर भाजल्याची संपूर्ण हकीकत मी स्वतः लिहवून घेतली. रिपोर्ट असा आहे : घोट्याकडील कडेच्या तुकड्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड; अंतस्त्वचेच्या खोल भागात शिरकाव; मज्जातंतूभोवती प्रसार नाही. उरलेल्या दोन तुकड्यांत केवळ प्रतिक्रियात्मक वाढ आहे. जांघेतील ग्रंथीच्या एफएनएसीत कर्करोगाच्या पेशी नाहीत आणि एक्स-रेमध्ये हाड सुरक्षित दिसते. कल्चरचा रिपोर्ट यायचा आहे. पाय वाचवून शस्त्रक्रिया करता येईल, असे शल्यविशारदांनी सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये आम्ही काय पाहावे?

सूक्ष्मदर्शी (उत्तर)

पहिल्या बायोप्सीचा तुकडा बहुधा त्या दोन कडांपैकी एकीचा असणार. ग्रंथीत पेशी न मिळणे ही चांगली बातमी आहे, मात्र एफएनएसीचा नकार हा ठाम नकार नसतो. त्यामुळे जांघ दर तपासणीच्या वेळी चाचपून पाहिली जावी, असा आग्रह धरा.

शस्त्रक्रियेत रोगाभोवतीची बरीच निरोगी त्वचा, अशा व्रणांमध्ये पुष्कळदा 2 सेंटिमीटर किंवा अधिक, काढून तिथे मांडीची कातडी लावतात. काढलेल्या भागाला शल्यविशारदांनी एका बाजूला दोरा बांधून ‘गुडघ्याची बाजू’ अशी खूण करावी, म्हणजे एखाद्या कडेला रोग उरला असल्यास नेमकी कोणती कड पुन्हा काढायची ते कळते. रिपोर्टमध्ये सर्व बाजूंच्या कडा आणि तळ मोकळे आहेत का आणि रोग त्यांच्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, हे प्रत्येकी लिहिलेले असावे. रोगाची खोली मिलिमीटरमध्ये असावी. ती 6 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा रोग चरबीच्या पलीकडे गेला असेल, तर धोका वाढतो. मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांचा उल्लेख दोन्ही बाबतींत स्पष्ट हवा. यातील एखादी नोंद राहून गेलेली दिसली, तर त्या लॅबमधील पॅथॉलॉजिस्टना भेटून विचारा. पुरवणी रिपोर्ट देण्याची पद्धत असते.